पेल्यावरचे चित्र आणि आचेचा आकडा

वाचकहो, मराठीत 'मग' हा शब्द लिहिताना जरा पंचाईतच होते. 'मग पुढे काय झाले?' यातला मग निराळा, न्हाणीघरातल्या बादलीवर लटकणारा मग निराळा, आणि ज्याच्यावर नातवाचा फोटो किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छा छापलेल्या असतात तो चिनी मातीचा, कान असलेला, चहाचा मग निराळा. आज मला बोलावयाचे आहे ते या तिसऱ्या मगाविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने पानिपत आणि पुरंदर सोडून पेल्याकडे वळावे, हे आमच्याच विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना रुचले नाही. परंतु पेल्यावर चित्र कसे बसते, एवढाच प्रश्न धरून मागे मागे जात राहिलो तर आपण अठराव्या शतकातल्या इंग्लंडात जाऊन पोहोचतो, आणि वाटेत जे भेटते ते काही क्षुल्लक नाही.

मला या वाटेला लावले ते आमच्या ग्रंथालयातल्या मामांनी. मामा म्हणजे आमचे शिपाई. छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे नोंदवहीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक. निरोपसमारंभाला शाल-श्रीफळ तर द्यावयाचेच, पण त्याबरोबर खास त्यांचे असे काहीतरी असावे, म्हणून सर्व्हिस बुकात लावलेला, नोकरीला लागतानाचा त्यांचा काळा-पांढरा फोटो मगावर छापून घ्यायचे आम्ही ठरविले. तरुणपणचा त्यांचा तेवढाच एक फोटो उरला होता. घरातले बाकीचे एका पुरात गेले. फोटोची प्रत काढून मी शहरातल्या एका दुकानात दिली. संध्याकाळी मग हातात आला. पाहतो तो मामांचा चेहरा एका बाजूला ठीक, दुसऱ्या बाजूला फिकट होत होत कानाजवळ नाहीसाच झालेला, आणि केस काळे नव्हेत, तपकिरी. दुकानदार म्हणाला, "साहेब, मशीन एकशे ऐंशीवरच होतं. सेटिंग बरोबर आहे." समारंभाला तासभर उरला होता; तोच मग दिला. मामांनी तो दोन्ही हातांत धरून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अर्धा तर अर्धा, सर. मी आहे ना त्याच्यावर." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो मग मामांकडून मागून घेतला आणि एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत हा मुलगा माझ्या वर्गात होता. तिसऱ्या वर्षाला आलाच नाही. आता बसस्थानकामागे त्याचे छपाईचे छोटेसे दुकान आहे. त्याने मग खिडकीच्या उजेडात धरला, कानाजवळची फिकट जागा अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, "सर, आकडा मशीनवर असतो. मगावर नसतो."

वर्गात असताना हा मुलगा असे काही बोलला असता तर मी त्याला तिसऱ्या वर्षाला ओढून आणला असता. कारण भांड्यावर चित्र छापण्याचा सारा इतिहास याच एका भांडणाचा आहे. आच किती, वेळ किती, दाब किती. आणि हे ठरवायचे कोणी, माणसाच्या हाताने की आकड्याने?

आधी अडचण काय होती ते पाहू. कागद सपाट, पेला गोल. कागद शाई पितो, झिलई चढवलेला पेला पीत नाही. शिवाय भांडे भट्टीत जाते, आणि तेथल्या आचेत बहुतेक रंग जळून जातात किंवा बदलतात. म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत भांड्यावरचे चित्र म्हणजे हाताने काढलेले चित्र. ज्याला परवडे त्याच्या घरी फुले-पाखरे, बाकीच्यांच्या घरी कोरी भांडी.

चित्र एकदा तांब्याच्या पत्र्यावर कोरावे, त्याचा ठसा कागदावर घ्यावा आणि कागदावरचा ओला ठसा भांड्यावर उठवावा, ही कल्पना १७५० च्या आसपास इंग्लंडात एकाच वेळी अनेकांच्या डोक्यात घोळत होती. जॉन ब्रुक्स नावाच्या आयरिश कोरक्याने १७५१ पासून पेटंटासाठी एकाहून अधिक वेळा अर्ज केले. पेटंट काही मिळाले नाही. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलरने मात्र निराळा मार्ग धरला. त्याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, छापखान्यात रद्द झालेले कागद तो मुलांना खेळायला देई, मुले ते फुटक्या बशांच्या तुकड्यांवर चिकटवीत, आणि ते पाहून त्याला ही युक्ती सुचली. अशा गोष्टी प्रत्येक शोधाला नंतर चिकटवल्या जातात. न्यूटनचे सफरचंद आपल्या ओळखीचेच आहे. पण यापुढची गोष्ट आख्यायिका नाही, ती शपथेवर लिहिलेली आहे. २७ जुलै १७५६ रोजी सकाळी ९ पासून दुपारी ३ पर्यंत सॅडलर आणि त्याचा भागीदार गाय ग्रीन या दोघांनी, तिसऱ्या कोणाचीही मदत न घेता, वेगवेगळ्या नक्षीच्या १२०० हून अधिक भिंतीच्या फरश्या छापल्या. तसे प्रतिज्ञापत्र त्यांनी केले, आणि गावच्या दोन कुंभार-कारखानदारांनी त्याला दुजोरा दिला की, शंभर कसबी चितारी तेवढ्या वेळात जेवढे काम करतील त्याहून हे अधिक आहे आणि अधिक नेटके आहे. हिशेब करून पाहा. सहा तासांत बाराशे, म्हणजे एका फरशीला अठरा सेकंद.

एवढे प्रतिज्ञापत्र करूनही या दोघांनी पेटंट मात्र घेतले नाही. पेटंट घ्यायचे म्हणजे कृती उघड करून सांगायची. त्यापेक्षा ती गुप्त ठेवलेली बरी, असा त्यांचा व्यवहारी हिशेब दिसतो. आणि तो चुकला नाही. १७६१ पासून जोसाया वेजवुडसारखा चाणाक्ष कारखानदार आपली भांडी स्टॅफर्डशायरमधल्या बर्सलेमहून चाळीस-पन्नास मैलांवरच्या लिव्हरपूलला नुसती छापून घेण्यासाठी पाठवीत असे. रस्ते खाचखळग्यांचे, माल काचेसारखा. तरीही पाठवी. स्वतः छापता आले असते तर त्याने एक दिवसही वाट पाहिली नसती. सॅडलर १७७० च्या सुमारास कामातून निवृत्त झाला, ग्रीनने तो धंदा पुढे शतक संपेपर्यंत चालविला.

मगाचाच पुरावा हवा असेल तर तोही आहे. वूस्टरच्या चिनी मातीच्या कारखान्यात रॉबर्ट हॅनकॉक नावाचा कोरक्या होता. त्याने प्रशियाचा राजा फ्रेडरिक याची छबी कोरली आणि ती काळ्या रंगात मगावर छापली. राजा चिलखतात, शेजारी निशाणे, निशाणांवर लढायांची नावे, आणि खाली साल १७५७. ज्या वर्षी जूनमध्ये आपल्याकडे प्लासीची लढाई झाली, तेच हे साल. फ्रेडरिक तेव्हा इंग्रजांचा दोस्त होता, त्यामुळे त्याच्या चित्राचा मग इंग्रजी बाजारात चांगला खपला. पुढे कार्लाइलने फ्रेडरिकचे चरित्र लिहिताना अशा मगाची आठवण काढली आहे. म्हणजे आवडत्या माणसाचे चित्र मगावर छापून घेण्याची हौस आजच्या दुकानदारांनी लावली असे समजू नका. तिला पावणेतीनशे वर्षांच्या आसपास होत आली.

पण या सगळ्या चित्रांत एक उणीव होती. ती झिलईच्या वर बसवलेली असत. भांडे भाजून, झिलई चढवून, पुन्हा भाजून तयार झाल्यावर त्यावर ठसा उठवायचा आणि बेताच्या आचेत तो पक्का करायचा. वर्षभर घासाघीस झाली, सुरीचे ओरखडे पडले की राजाचे नाक जायचे. चित्र टिकवायचे असेल तर ते झिलईच्या खाली गेले पाहिजे, काचेखाली ठेवलेल्या फोटोसारखे. आणि तेथे गेले म्हणजे झिलईच्या भट्टीची आच सोसली पाहिजे. ती आच सोसणारा त्या काळचा भरवशाचा रंग एकच, कोबाल्टचा निळा. चोरबाजारात किंवा एखाद्या जुन्या घराच्या फडताळात निळी-पांढरी इंग्लिश ताटली तुम्ही पाहिली असेल. ती निळीच का, याचे उत्तर हे असे भट्टीत आहे. निळ्याची आवड नंतर जडली.

चिनी मातीच्या महाग भांड्यांवर हे काम वूस्टरला आधीच चालू झाले होते. साध्या, स्वस्त मातीच्या भांड्यांवर ते नीट जमवून दाखविले जोसाया स्पोडने, १७८४ च्या सुमारास, स्टोक गावी. त्याच्या कारखान्यातली कृती जरा सावकाश पाहण्यासारखी आहे.

कोबाल्टचा रंग उकळून दाट केलेल्या जवसाच्या तेलात घोटायचा. तांब्याचा कोरलेला पत्रा शेगडीवर तापवायचा, कारण थंड पत्र्यावर हा रंग डांबरासारखा घट्ट राहतो, रेषांत उतरत नाही. आणि पत्रा फार तापला तर रंग पातळ होऊन रेषेबाहेर पळतो. मधली आच ओळखायची ती हाताने. रंग चोळायचा, वरचा खरवडायचा, पृष्ठभाग पुसून लखलखीत करायचा, म्हणजे रंग फक्त कोरलेल्या खाचांत राहतो. मग साबणाच्या पाण्यात ओला केलेला अतिशय पातळ कागद त्यावर पसरायचा आणि दोन रुळांमधून दाबून काढायचा. कागद सोलला की चित्र उलटे त्यावर आलेले. येथवर काम पुरुषाचे. पुढचे सारे बायकांचे आणि पोरींचे. एक मुलगी कात्रीने कडा कापते. ठसा बसवणारी बाई तो कागद एकदाच भाजलेल्या, अजून झिलई न चढवलेल्या भांड्यावर ठेवते. हे भांडे इतके कोरडे असते की जीभ लावली तर चिकटावी, त्यामुळे तेलकट रंग ते लगेच शोषते. एकदा ठेवलेला कागद सरकवता येत नाही. गोल पेल्याभोवती सपाट कागद सुरकुती न पडू देता गुंडाळायचा, काठाची वेलबुट्टी जेथे सुरू झाली तेथेच आणून मिळवायची. मग दुसरी मुलगी साबण लावलेल्या ताठ केसांच्या ब्रशाने तो कागद जोर लावून घासते. येथे दाब कमी पडला की चित्रात पांढरे ठिगळ राहणार. शेवटी पाण्यात बुडवून कागद धुऊन टाकायचा. तेल आणि पाणी यांचे पटत नसल्यामुळे रंग तसाच राहतो.

तरीही अजून झिलई चढवता येत नाही. रंगातले तेल आधी जाळावे लागते, नाहीतर झिलई त्या जागी धरतच नाही. त्यासाठी सुमारे ७०० अंशांची एक वेगळी हलकी भट्टी. त्यानंतर झिलईत बुडवणे, आणि त्यानंतर हजार अंशांच्या वरची भट्टी.

वाचकहो, जुनी निळी ताटली हाती आली तर तिच्या काठाची नक्षी बोटाने फिरत फिरत पाहा. कोठेतरी वेल तुटलेली, फुलाचा अर्धा भाग कापलेला दिसेल. बाजारात त्याला खोट म्हणतात. मला त्या जागी एक बाई दिसते. दिवसाकाठी तेच तेच शेकडो वेळा करून संध्याकाळी तिचा हात जरा सरकला आहे. ताटलीच्या पाठीवर शिक्का स्पोडचा. तिचे नाव कोठे नाही. १८४१ मध्ये बालकामगारांच्या सरकारी चौकशीत स्टॅफर्डशायरच्या कागद कापणाऱ्या लहान मुलींच्या जबान्या लिहून घेतल्या गेल्या, तेवढाच त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला आहे.

या ताटल्यांवर आपला देशही छापला गेला. कॅप्टन टॉमस विल्यमसन याचे हिंदुस्थानातल्या शिकारीवरचे सचित्र पुस्तक त्या काळात गाजले होते. त्यातली सॅम्युअल हाउइटची चित्रे घेऊन स्पोडच्या कारखान्याने १८१० नंतरच्या काही वर्षांत जेवणाच्या भांड्यांचा एक मोठा संच काढला. अस्वलाची शिकार, बछड्यांसह अचानक समोर आलेली वाघीण, कुत्री घेऊन निघालेले डोरिये. मटणाचा रस्सा संपत आला की ताटलीच्या तळाशी हिंदुस्थान दिसू लागे. आमच्या विद्यार्थ्यांना वसाहतवाद शिकवताना मी कायदे आणि करार सांगतो. ही ताटली सांगायला हवी होती.

आता आचेकडे वळू. वर मी ७०० अंश, हजार अंश असे आकडे बिनदिक्कत टाकले. ते आजचे. स्पोडच्या भट्टीवाल्याजवळ असा कोणताही आकडा नव्हता. साध्या तापमापकातला पारा एवढ्या आचेच्या कितीतरी आधी उकळून जातो. भट्टीच्या भोकातून आत पाहायचे आणि रंगावरून ओळखायचे: मळकट तांबडा, लखलखीत तांबडा, नारिंगी, पांढरट. आपल्या घरी एकतारी पाक आणि दोनतारी पाक ज्या रीतीने ओळखतात तीच ही रीत. आजीला ती येते, सुनेला सांगून येत नाही. भट्टीवाला आजारी पडला किंवा शेजारच्या कारखान्याने फोडला, तर मालकाचे दिवाळे.

वेजवुडला हे परावलंबन खुपत होते. त्याने १७८२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. कल्पना अशी. माती भाजली की आकसते, आणि आच जितकी जास्त तितकी जास्त आकसते. तेव्हा ठरावीक मातीचे, ठरावीक मापाचे छोटे तुकडे करायचे, भट्टीत भांड्यांच्या बरोबर ठेवायचे, आणि बाहेर काढून एका निमुळत्या होत जाणाऱ्या पितळी खाचेत सरकवायचे. तुकडा जेवढा आत जाईल तेवढी आच अधिक. खाचेच्या कडेला अंश कोरलेले. पुढच्याच वर्षी त्याला सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

गंमत अशी की वेजवुडचे आकडे साफ चुकीचे होते. त्याचा शून्य अंश म्हणजे फॅरनहाइटचे सुमारे १०७७, आणि पुढचा प्रत्येक अंश म्हणजे १३० फॅरनहाइट, असे त्याने बसविले होते. त्या हिशेबाने बीड वितळायला १७,९७७ फॅरनहाइट लागतात! प्रत्यक्षात ते २,१००-२,२०० च्या आसपास वितळते. आठपट चूक. पुढच्या शास्त्रज्ञांनी ती दाखवूनही दिली. पण कुंभाराचे त्यावाचून काही अडले नाही. वेजवुडला सूर्याचे तापमान काढायचे नव्हते. गेल्या महिन्यात जी भट्टी साधली तीच या महिन्यात पुन्हा साधायची होती. त्यासाठी आकडा खरा असण्यापेक्षा दर वेळी तोच असणे महत्त्वाचे. आणखी एक बारकावा. मातीचा तुकडा नुसत्या आचेने आकसत नाही, किती वेळ आच खाल्ली यानेही आकसतो. म्हणजे तो तुकडा आच आणि वेळ दोन्ही मिळून मोजत होता, आणि भांड्यालाही नेमके तेच भोगावे लागते. जो दोष शास्त्रज्ञाला खटकला तो भट्टीवाल्याच्या पथ्यावर पडला. १८८६ मध्ये बर्लिनच्या हेरमान सेगरने विशिष्ट आचेला मान टाकणारे मातीचे शंकू तयार केले, आणि हाच विचार त्याने अधिक नेमका केला. तसे शंकू कुंभारकामात आजही वापरतात.

याचा अर्थ एकोणिसाव्या शतकात चुका थांबल्या असा नाही. उलट एका चुकीची तर फॅशन झाली. निळा रंग भट्टीत कधीकधी रेषेबाहेर पसरे आणि चित्र धूसर होई. लोकांना, विशेषतः अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना, ते धुके आवडू लागले. तेव्हा कारखानदार भट्टीत मुद्दाम क्लोराइडची पूड ठेवू लागले. कोणी चुन्याचे वापरी, कोणी नवसागर. त्याच्या वाफेने रंग पसरे, आणि जो माल काल टाकाऊ ठरला असता तो आज वेगळ्या नावाने चढ्या भावात जाई. हा नवसागर लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

दगडी छपाईचे रंगीत ठसे आले, पाण्यातून घसरवून बसवायचे ठसे आले, राज्यारोहणाचे मग लाखांनी निघू लागले. त्यातले ठसे इतके पक्के की घटना बदलली तरी मग बदलेनात. सातव्या एडवर्डचे राज्यारोहण २६ जून १९०२ ला ठरले होते. राजाच्या आजारामुळे ते ९ ऑगस्टला झाले, पण मगांवर जूनची तारीख भाजून पक्की झाली होती. आठव्या एडवर्डचे १९३७ चे मग तर राज्यारोहण न झालेल्या राजाचे. त्याने डिसेंबर १९३६ मध्येच गादी सोडली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र हा धंदा कुंभाराच्या भट्टीतून निघून कापडवाल्यांच्या हाती कसा गेला, ते पाहिले पाहिजे. कारण बसस्थानकामागचे दुकान तेथून जन्माला आले. १९२० नंतरच्या दशकात ॲसिटेटच्या नकली रेशमासाठी पाण्यात न विरघळणारे काही रंग तयार झाले होते. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. आमच्या वडिलांच्या पिढीने ज्याचा शर्ट लग्नाकार्यात घातला ते टेरिलीन म्हणजे हेच. त्या नकली रेशमाचे रंग या नव्या धाग्यालाही चालले. त्या रंगांचा एक गुण असा की तापवले तर ते वितळत नाहीत, घन असतात ते सरळ वायू होतात. शाळेत आपण याला संप्लवन म्हणून शिकलो, आणि मास्तरांनी दोन उदाहरणे दिली होती: आरतीचा कापूर आणि नवसागर. हा गुण छपाईला जुंपण्याचे श्रेय फ्रान्सच्या नोएल द प्लास यांना देतात, साल १९५७. कागदावर त्या रंगाचे चित्र छापायचे, कागद पॉलिएस्टरच्या कापडावर ठेवायचा, वरून तापलेला दाब द्यायचा. रंग वायुरूप होऊन धाग्यात शिरतो, धागा थंड झाला की आतच कोंडला जातो.

चिनी मातीच्या मगात मात्र हा रंग शिरत नाही. झिलई म्हणजे काचच. म्हणून मगावर आधीच पॉलिएस्टरच्या जातीचा एक पारदर्शक लेप भाजून बसवलेला असतो. चित्र बसते ते त्या लेपात. वूस्टरला ते झिलईच्या वर होते, स्पोडकडे झिलईच्या खाली गेले, आता पुन्हा वर आले आहे. लेप नसलेला घरचा मग घेऊन गेलात तर दुकानदार परत पाठवील, तो उगाच नाही.

आता त्या दुकानात परत येऊ. माझ्या विद्यार्थ्याने काय केले ते मी स्टुलावर बसून पाहिले. या यंत्रात मगाला कवेत घेणारा रबरी पट्टा असतो, पट्ट्याच्या आत तापणारी तार. पडद्यावर १८० दिसते ते त्या पट्ट्याच्या आतले तापमान. मग मात्र थंड, जाड, आणि कानाच्या दोन्ही बाजूंना पट्टा संपतो तेथे तो नेहमीच कमी तापतो. उष्णतेने काळी पडणारी एक चिकटपट्टी त्याने मगावर लावली आणि यंत्र चालविले. पडदा १८० म्हणत होता, पट्टी १६० च्या खुणेपुढे काळी झाली नव्हती. "पहिल्या दुकानात हेच झालं असणार, सर. त्यात पट्टा एका बाजूनं सैल. दाब नाही तिथं आच पोचत नाही."

मी म्हटले, "अरे, मग आच वाढव की."

"नुसती वाढवली तर मधला चेहरा करपेल. जास्त झालं की रंग पसरतो, डोळ्यांच्या कडा जातात. कमी पडलं की काळ्याचा तपकिरी होतो."

त्याने खराब झालेले मग चाचणीसाठी बाजूला ठेवले होते. पहिल्यावर फक्त दाबाचा खिळा अर्धा आटा आवळला, बाकी सगळे तसेच. फिकट जागा भरली, केस तपकिरीच. दुसऱ्यावर यंत्र १९० केले. केस काळे झाले, पण करडी छटा अजून मळकट. तिसऱ्यावर आच तीच ठेवून वेळ १८० सेकंदांवरून २०० केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा नेम. फोटो काळा-पांढरा असल्यामुळे काम अवघड, असे तो म्हणाला. रंगीत फोटोत चूक लपते, करड्यात लपत नाही. कागद दमट असेल तर वाफेचे डाग पडतात, म्हणून छापलेला कागद आधी क्षणभर तापवून घेतला. चौथा मग खरा. दोनशे सेकंद आम्ही दोघेही काही बोललो नाही. कागद गरम असतानाच एका झटक्यात सोलला, कारण हळू सोलला तर रंगाची दुसरी सावली पडते.

मामा समोर होते. विशीतले, तेल लावून चापून बसवलेले केस, दोन्ही कान शाबूत.

त्याने एक जुनी शंभर पानी वही काढून काहीतरी लिहिले. मी मान पुढे केली तशी त्याने वही हलकेच मिटली. तिच्यात मगाच्या प्रत्येक खोक्याची नोंद आहे, सकाळच्या पहिल्या थंड यंत्राची वेगळी, दुपारच्या तापलेल्याची वेगळी. "सर, तुम्हाला दाखवायला हरकत नाही, पण तुम्ही रेडिओवर बोलता," तो म्हणाला. आज मी जे आकडे दिले ते त्याच्या एका यंत्राचे, एका दिवसाचे आहेत आणि त्याला विचारून दिले आहेत. वहीतले बाकीचे त्याचे.

दुसरा मग मामांना नेऊन दिला. त्यांनी तो घरी टीव्हीच्या शेजारी ठेवला आहे, त्यात चहा पीत नाहीत. अर्ध्या चेहऱ्याचा पहिला मग मात्र मी परत दिला नाही. रोजचा सकाळचा चहा त्यातून घेतो. लेपाला ओरखडे पडले की आहे तो अर्धा चेहराही जाईल, म्हणून भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तेवढा एक मग काथ्याने घासू नका, असे सांगून ठेवले आहे.